चष्म्याविना थ्रीडी पडदा: फटी, भिंगं आणि डोळ्यांचा माग

काजवा
परवा थ्रीडी टीव्हीच्या जुन्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं की चष्म्याशिवायचं थ्रीडी ही नुसती जाहिरातबाजी होती, ते कधी चाललंच नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही. तिथे विषय भरकटेल म्हणून वेगळा धागा काढतोय.

सुरुवात डोळ्यांपासून करू. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांत सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं. त्यामुळे जवळची वस्तू दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी दिसते, आणि त्या फरकावरून मेंदू ती किती लांब आहे हे ठरवतो. चार्ल्स व्हीटस्टोनने १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे मांडलं. दोन आरसे काटकोनात बसवून प्रत्येक डोळ्याला वेगळं रेखाचित्र दाखवणारं उपकरणही त्याने केलं होतं. त्यानंतरच्या प्रत्येक थ्रीडी यंत्राला एवढंच साधायचं असतं: डाव्याचं चित्र डाव्या डोळ्याला, उजव्याचं उजव्याला, सरमिसळ न होता.

चष्मा हे वाटप डोळ्यापाशीच करतो. तो नाकावर बसलेला असतो, त्यामुळे डोळा कुठे आहे ते त्याला शोधावं लागत नाही. चष्मा काढला की वाटपाचं काम पडद्याच्या गळ्यात पडतं, आणि मग डोळे कुठे आहेत हे पडद्याला ठाऊक असावं लागतं. या तंत्रज्ञानाचं सगळं यशापयश मला या एका मुद्द्यात दिसतं.

आता निन्टेन्डो ३डीएस घ्या. हे हातात धरून खेळायचं यंत्र २६ फेब्रुवारी २०११ रोजी जपानमध्ये विक्रीला आलं. वरचा पडदा साडेतीन इंची, आडवे ८०० आणि उभे २४० पिक्सेल. या ८०० उभ्या रांगांपैकी एकाआड एक रांग डाव्या डोळ्याची आणि उजव्या डोळ्याची, म्हणजे प्रत्येक डोळ्याला ४०० बाय २४०. पडद्याला लागून उभ्या फटींचा आणखी एक थर असतो, त्याला पॅरॅलॅक्स बॅरिअर म्हणतात. गजांच्या खिडकीतून बाहेर बघताना एक डोळा मिटला की गजांमागचं एक झाड दिसतं आणि दुसरा मिटला की शेजारचं, तसंच हे.

फटींचा थर पडद्यापासून किती अंतरावर हवा? हे गणित शाळेतल्या समरूप त्रिकोणांचं आहे. पडदा ७६.८ मिलिमीटर रुंद, म्हणजे एक रांग ०.०९६ मिलिमीटरची. यंत्र डोळ्यांपासून ३५० मिलिमीटरवर धरलं, तर ०.०९६ गुणिले ३५० भागिले ६३, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. मध्ये हवेऐवजी काच असेल तर प्रकाश वाकतो आणि हे अंतर पाऊण मिलिमीटरच्या पुढे जातं. एवढ्याशा अंतरावर सगळा खेळ चालतो! या फटी कोरलेल्या नसतात, त्याही द्रवस्फटिकाच्याच (एलसीडी) असतात. वीज दिली की काळ्या पट्ट्या उभ्या राहतात, बंद केली की थर पारदर्शक होतो. शेजारी एक सरकपट्टी असते, ती खाली आणली की दोन चित्रांतला फरक कमी होत होत शून्यावर येतो.

३डीएसच्या सगळ्या आवृत्त्या मिळून साडेसात कोटींच्या वर यंत्रं खपली. त्यात थ्रीडी नसलेली २डीएस यंत्रंही धरलेली आहेत, हे प्रामाणिकपणे सांगतो. तरीही चष्म्याविना थ्रीडी एवढ्या हातांत पोचवणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही. फसला तो दिवाणखान्यातल्या टीव्हीत हे बसवण्याचा प्रयत्न. हातभर अंतरावर एकट्याने बघायच्या पडद्यात हे पहिल्यापासून नीट बसतं.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः डोळ्यांना याचा त्रास होतो का, यावर कुणी वैद्यकीय अनुभवातून लिहिलं तर फार बरं होईल.

रानवाट
काजवा, लेख आवडला, पण मी विरोधी बाजू मांडणार. २०११ सालीच एचटीसीचा इव्हो थ्रीडी आणि एलजीचा ऑप्टिमस थ्रीडी हे फोन आले. दोन्हींचे पडदे ४.३ इंची, दोन्हीत हाच बॅरिअर. तेही एकट्याने, हातात धरून, हातभर अंतरावर बघायचेच पडदे होते. मग ते का नाही टिकले? २०१८ मध्ये रेड कंपनीने हायड्रोजन वन हा फोन आणला. त्यात लिया कंपनीचं वेगळं तंत्र होतं, फटींऐवजी पाठीमागचा प्रकाशच ठरावीक दिशांना वळवणारं. तोही बंद झाला.

आणि निन्टेन्डोनेच २०१३ मध्ये २डीएस काढलं, थ्रीडी पूर्ण वगळून, आणि तेही चांगलं खपलं. म्हणजे लोक खेळांसाठी यंत्र घेत होते, चित्रातल्या खोलीसाठी नाही. माझ्या ओळखीत ज्यांच्याकडे ३डीएस होतं, त्यांची सरकपट्टी बहुतेक वेळ खालीच असायची. साडेसात कोटींच्या आकड्यावरून थ्रीडी चाललं असं म्हणता येत नाही.

काजवा
@रानवाट, मुद्दा वजनदार आहे. खपाच्या आकड्यावरून लोकांना थ्रीडी हवं होतं हे सिद्ध होत नाही, मान्य. पण पडदा काम करतो की नाही आणि लोकांना तो हवा की नाही, हे दोन प्रश्न वेगळे ठेवू या.

फोन का टिकले नाहीत, याचं माझ्या मते पहिलं कारण म्हणजे त्यावर बघायला काही नव्हतं. खेळाच्या यंत्रात प्रत्येक दृश्य संगणक त्या क्षणी तयार करतो, तेव्हा दुसऱ्या डोळ्यासाठी दुसरा आभासी कॅमेरा ठेवला की झालं. फोनवर आपण बघतो मजकूर, संदेश, साधे फोटो आणि व्हिडिओ. त्यात दुसऱ्या डोळ्याचं चित्रच नसतं. दुसरं कारण, बॅरिअर जवळजवळ निम्मा प्रकाश अडवतो. मग पडदा उजळ करावा लागतो आणि बॅटरी संपते. ३डीएसचे खेळही एका चार्जमध्ये तीन ते पाच तासच चालायचे.

सरकपट्टी खाली का असायची, त्याचंही कारण आहे. दोन्ही डोळ्यांचे योग्य पट्टे प्रत्येकी साधारण ६३ मिलिमीटर रुंद असतात आणि एकाला लागून एक पडतात. डोकं मधोमध असेल तर छान. तिथून तीनेक सेंटिमीटर बाजूला सरकलं की डोळा पट्ट्याच्या सीमेवर येतो आणि दोन प्रतिमा एकात एक मिसळलेल्या दिसतात. आणखी सरकलं की डाव्याचं उजव्याला जातं, खोली उलटी होते, पुढचं मागे दिसतं. चुरशीच्या खेळात हात स्थिर राहतो का? नाही राहत. म्हणून लोक वैतागून पट्टी खाली ओढायचे.

२०१४ च्या न्यू निन्टेन्डो ३डीएसने हे दुखणं दूर केलं. पुढचा कॅमेरा आणि शेजारचा अवरक्त (इन्फ्रारेड) दिवा चेहरा शोधतात आणि त्याप्रमाणे बॅरिअरच्या पट्ट्या बाजूला सरकवल्या जातात. डोकं हलेल तसे प्रकाशाचे पट्टेही हलतात. ज्यांनी फक्त पहिलं मॉडेल पाहिलं आहे, त्यांनी कुणाकडून तरी हे दुसरं मागून एकदा बघावंच. पडदा जवळपास तोच, आकारही फार वेगळा नाही, पण डोळ्यांवरचा ताण आणि वैताग यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पैठणी
छान माहिती! वाचनखूण साठवली.

एक शंका. लहानपणी पंढरपूरला देवळाबाहेरच्या दुकानांत देवाच्या तसबिरी मिळायच्या, वरून खरखरीत, नख फिरवलं की कर्रकर्र वाजायच्या. बाजूला झुकलं की विठ्ठलाच्या जागी रुक्मिणी दिसायची. काही तसबिरींत मागची प्रभावळ खरंच मागे गेल्यासारखी वाटायची. ते हेच तंत्र का?

दुर्बीण
@पैठणी ताई, जवळजवळ हेच, फक्त फटींच्या जागी भिंगं. त्या खरखरीत पृष्ठभागावर उभ्या, अर्धगोल, बारीक नळीसारख्या भिंगांच्या रांगा असतात, त्याला लेंटिक्युलर म्हणतात. प्रत्येक भिंगाखाली दोन किंवा जास्त चित्रांच्या पट्ट्या शेजारी शेजारी छापलेल्या असतात, आणि भिंग प्रत्येक पट्टी वेगळ्या दिशेला पाठवतं. दोन चित्रं अगदी वेगळी असतील तर विठ्ठलाची रुक्मिणी होते. ती एकाच देखाव्याची, किंचित वेगळ्या कोनांतली असतील तर प्रत्येक डोळ्याला वेगळा कोन मिळतो आणि खोली दिसते. भिंगांचा मोठा फायदा असा की ती प्रकाश अडवत नाहीत, नुसता वळवतात. म्हणून बॅरिअरपेक्षा चित्र उजळ राहतं.

फटींची कल्पना अमेरिकेतल्या फ्रेडरिक आइव्हजची, पेटंट १९०३ चं. त्याने काचेच्या छायाचित्रापुढे बारीक रेघांची जाळी ठेवली होती. १९०८ साली फ्रान्समध्ये गॅब्रिएल लिपमनने पुढचं पाऊल टाकलं: उभ्या भिंगांऐवजी पूर्ण पृष्ठभागावर इवली गोल भिंगं, म्हणजे वर-खाली डोकं हलवलं तरी देखावा बदलायला हवा. त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं, पण ते रंगीत छायाचित्रणासाठी. गोल भिंगांची त्याची ही कल्पना त्याच्या काळातल्या साधनांच्या खूप पुढे होती. आजचे प्रकाशक्षेत्र पडदे, ज्यांना लाइट फील्ड म्हणतात, ते तिथूनच निघाले आहेत. मला स्वतःला या सगळ्या इतिहासात लिपमन सर्वांत मोठा वाटतो. बाकीच्यांनी दोन डोळ्यांपुरता विचार केला. काचेतून येणारा प्रत्येक किरण जसाच्या तसा परत उभा करायचा, हे ध्येय त्याने ठेवलं.

आणि काजवांच्या ‘दिवाणखान्यात फसलं’ या मुद्द्याला एक जुना पुरावा जोडतो. मॉस्कोत फेब्रुवारी १९४१ मध्ये चष्म्याशिवायचं थ्रीडी चित्रपटगृह सुरू झालं होतं! सेम्योन इव्हानोव्ह नावाच्या संशोधकाने पडद्यापुढे तांब्याच्या हजारो बारीक तारांची प्रचंड जाळी उभी केली होती. तारा समांतर नव्हत्या, पंख्यासारख्या एका बाजूला जवळ येत जायच्या, कारण पुढच्या रांगेतल्या माणसाला आणि मागच्या रांगेतल्या माणसाला वेगवेगळ्या अंतरावरून जुळवून द्यायचं होतं. प्रेक्षकाने खुर्चीत बसल्यावर डोकं किंचित इकडे-तिकडे करून आपली जागा शोधायची आणि मग संपूर्ण खेळभर हलायचं नाही. त्याच जूनमध्ये युद्ध रशियापर्यंत पोचलं आणि काम थांबलं. १९४७ मध्ये तारांच्या जागी भिंगांचा पडदा घेऊन ते पुन्हा सुरू झालं, पूर्ण लांबीचा कथाचित्रपटही दाखवला गेला. एवढी जिद्द, एवढी कारागिरी, आणि तरीही अडचण तीच: पडद्याला प्रेक्षकाच्या डोळ्यांची जागा माहीत नव्हती, म्हणून प्रेक्षकालाच जागेवर खिळवून ठेवावं लागलं.

सह्याद्री_ते_आइंडहोवन
दुर्बीण यांचा प्रतिसाद म्हणजे मेजवानी.

मी गेली काही वर्षं नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला आहे. या गावाचं आणि या विषयाचं नातं जुनं आहे. इथेच जन्मलेल्या फिलिप्स कंपनीच्या इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात लेंटिक्युलर भिंगं तिरकी बसवण्याची युक्ती निघाली. सरळ उभी भिंगं लावली तर सगळा तोटा आडव्या पिक्सेलांना सोसावा लागतो, आणि पडद्यावर काळे उभे पट्टेही दिसतात. भिंग थोडं तिरकं केलं की तोटा आडव्या-उभ्या दोन्ही दिशांत वाटला जातो आणि काळे पट्टे विरघळतात. दिसायला क्षुल्लक बदल, पण नंतरच्या बहुतेक मोठ्या पडद्यांनी हीच वाट धरली.

फिलिप्सने नऊ कोनांचे (एकाच देखाव्याची नऊ बाजूंनी दिसणारी चित्रं दाखवणारे) पडदे दुकानं आणि प्रदर्शनांसाठी विकलेही, मग २००९ मध्ये हा विभाग गुंडाळला. तिथल्या काही लोकांनी डायमेन्को नावाची कंपनी काढली. तीच पुढे लिया कंपनीत गेली, म्हणजे रानवाट यांनी उल्लेख केलेल्या हायड्रोजन फोनच्या पडद्याची कंपनी.

टीव्हीचं गणित टोशिबाच्या उदाहरणावरून बघा. २०१० च्या अखेरीस त्यांनी जपानमध्ये १२ आणि २० इंची चष्म्याविना टीव्ही काढले. २० इंची टीव्ही ९० सेंटिमीटर अंतरावरून बघायचा होता. एवढ्या जवळून घरी टीव्ही कोण बघतं? मग २०११ मध्ये ५५ इंची आला. त्याच्या काचेवर ३८४० बाय २१६० पिक्सेल होते, आणि त्या काळात घरगुती टीव्हीत एवढे पिक्सेल म्हणजे फार मोठी गोष्ट होती. पण नऊ कोन दाखवायचे तर ते नऊ वाटेकऱ्यांत विभागले जाणार. आडवे तीन वाटे, उभे तीन वाटे, हातात उरले १२८० बाय ७२०. एवढे पैसे मोजून लोकांना साध्या टीव्हीपेक्षा धूसर चित्र मिळत होतं. आणि नऊ कोन म्हणजे नऊ माणसांची सोय असंही नाही. ते कोन एका पंख्यात शेजारी शेजारी पडतात, पंखा संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि त्या सांध्यावर ज्याचं डोकं येईल त्याला उलटी खोली दिसते. म्हणून त्या टीव्हीतही कॅमेरा बसवून प्रेक्षकांचे चेहरे शोधायची सोय करावी लागली.

घरात पाच माणसं पाच जागी बसणार, एखादा जमिनीवर आडवा होऊन बघणार. काजवा म्हणतात ते मला मोजमापासकट पटतं.

नेत्रपल्लवी
धाग्यात डोळ्यांच्या त्रासाबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. मी नेत्रचिकित्सक आहे. हा सर्वसाधारण माहितीपर प्रतिसाद आहे, कुणाच्या तपासणीला पर्याय नाही.

आपण जवळची वस्तू बघतो तेव्हा डोळे एकाच वेळी दोन कामं करतात. दोन्ही बुबुळं आत वळून त्या वस्तूवर येतात, आणि डोळ्यातलं भिंग फुगून त्या अंतरावर स्पष्टता आणतं. अगदी लहानपणापासून ही दोन कामं जोडीने होतात. थ्रीडी पडद्यात मात्र बुबुळं पडद्याच्या मागे किंवा पुढे भासणाऱ्या वस्तूवर वळतात आणि भिंगाला लक्ष पडद्याच्या काचेवरच ठेवावं लागतं, कारण प्रकाश खरोखर तिथूनच येतोय. या ओढाताणीने डोळे शिणतात, डोकं दुखतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये खास पडदा बांधून हे दाखवून दिलं: दोन्ही अंतरं जुळवली की थकवा कमी झाला. लक्षात घ्या, चष्मा असो वा नसो, ही ओढाताण सारखीच राहते. ‘चष्मा नाही म्हणजे डोळ्यांना त्रास नाही’ हा समज खरा नाही.

दुसरी गोष्ट. काही लोकांना ही खोली दिसतच नाही. लहानपणी तिरळेपणा असेल, किंवा एक डोळा आळशी राहिला असेल, तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र बाजूला टाकायला शिकतो. अशा माणसाला ३डीएस साधाच दिसतो, आणि अनेकांना आपल्यात हे आहे याचा पत्ताही नसतो. कारण रोजच्या व्यवहारात मेंदू सावली, आकार, एका वस्तूने दुसरी झाकणं यावरून काम भागवतो.

इथे हा विषय माझ्या टेबलावर येतो. आमच्याकडे मुलांसाठी लांग चाचणीचं कार्ड असतं. स्विस नेत्रतज्ज्ञ योझेफ लांग यांनी ते तयार केलं. कार्डावर नुसते ठिपके दिसतात, वर पैठणी ताईंच्या तसबिरीसारखीच बारीक भिंगं. ४० सेंटिमीटरवर धरलं की दोन्ही डोळे मिळून काम करणाऱ्या मुलाला त्यात चांदणी, मांजर, मोटार दिसते. दोन वर्षांचं मूल चष्मा घालू देत नाही, ओढून फेकून देतं. म्हणून चष्म्याविना खोली दाखवणारं हे कार्ड अमोल आहे. मूल बोट उचलून मांजराकडे दाखवतं तेव्हा मला कळतं की दोन्ही डोळे जोडीने चाललेत. या धाग्यातल्या सगळ्या यंत्रांमध्ये सर्वांत मोलाचं मला विचाराल तर हे वीज न लागणारं कार्ड आहे.

सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना थ्रीडी दाखवू नका, असं निन्टेन्डोने स्वतःच सांगितलं होतं आणि पालकांसाठी ते बंद करायचं कुलूपही दिलं होतं. त्यावर अमेरिकन ऑप्टोमेट्रिक असोसिएशनने म्हटलं की मुलाला थ्रीडी दिसत नसेल किंवा त्रास होत असेल तर ती एक खूणच आहे, डोळे तपासून घ्या. मला हा दृष्टिकोन जास्त उपयोगाचा वाटतो. कृपया, घरातल्या कुणाला थ्रीडी ‘कधीच दिसत नाही’ असं ते म्हणत असतील तर हसण्यावारी नेऊ नका. मूल लहान असेल तर उपचारांना वाव असतो.

पैठणी
डॉक्टर, हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या भाच्याला मेळ्यातल्या तसबिरीत काही दिसायचं नाही आणि आम्ही सगळे म्हणायचो, त्याचं लक्षच नसतं. आजच बहिणीला फोन करते.

नेत्रपल्लवी
@पैठणी ताई, नक्की करा. घाबरायचं कारण नाही, पण लवकर दाखवून घ्या. जाताना घरात कुणाला तिरळेपणा होता का, लहानपणी कधी चष्मा लागला होता का, हेही सांगा.

बारा_गावचं_पाणी
मला एक सांगा, सभांमध्ये, लग्नांत ‘होलोग्राम’ म्हणून दाखवतात ते यात कुठे बसतं? २०१४ च्या निवडणुकीत नरेंद्र मोदींचं भाषण एकाच वेळी कितीतरी गावांत असं दाखवलं होतं. तिथेही चष्मा नव्हता.

दुर्बीण
@बारा_गावचं_पाणी, तिथे चष्मा लागत नाही कारण तिथे थ्रीडी चित्रच नसतं. मंचावर ४५ अंशांत एक पारदर्शक, ताणलेला पडदा असतो आणि त्यात सपाट चित्राचं प्रतिबिंब पडतं. युक्ती लंडनमधल्या १८६२ च्या नाटकांतली, पेपर्स घोस्ट नावाची. मागे खरा मंच दिसत राहतो म्हणून माणूस त्यात उभा वाटतो, पण दोन्ही डोळ्यांना दिसणारी त्याची आकृती सपाटच असते. लांब बसलेल्या प्रेक्षकाला हे कळत नाही, कारण तेवढ्या अंतरावर दोन डोळ्यांतल्या ६३ मिलिमीटरचा फारसा उपयोगच होत नाही. तोक्योच्या शिंजुकु भागात २०२१ मध्ये इमारतीच्या कोपऱ्यावरच्या पडद्यावर जी प्रचंड मांजर आली, तीही तशीच: एका ठरावीक जागेवरून बरोबर दिसेल असा यथार्थदर्शनाचा (पर्स्पेक्टिव्ह) खेळ.

खरं होलोग्राम म्हणजे डेनिस गाबोर यांनी १९४८ मध्ये मांडलेली कल्पना, तिला १९७१ चं नोबेल मिळालं. त्यात प्रकाशलहरींची नोंद होते. डॉक्टरांनी सांगितलेली ओढाताण तिथे नसते, कारण प्रकाश खरोखरच त्या त्या अंतरावरून आल्यासारखा डोळ्यात शिरतो. हलत्या चित्रांचा, घरात ठेवण्याजोगा तसा पडदा मात्र अजून बाजारात आलेला नाही. त्याला लागणारे पिक्सेल प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे बारीक हवेत, ही मुख्य अडचण.

रानवाट
डोळ्यांचा माग काढणं हाच उपाय असेल, तर मग आज काय परिस्थिती आहे? की तेही १५ वर्षांपूर्वीसारखंच?

काजवा
@रानवाट, आज जे बाजारात आहे ते बहुतेक याच वाटेवर आहे, आणि मला आशा वाटते ती म्हणूनच. सोनीने २०२० मध्ये १५.६ इंची फोर-के (म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेलांचा) पडदा काढला, वर कॅमेरा, काचेवर सूक्ष्म भिंगं. किंमत तेव्हा अमेरिकेत ५,००० डॉलर, म्हणजे मोटारी किंवा इमारतींचे आराखडे करणाऱ्यांसाठीच. २०२३ मध्ये त्याचा २७ इंची भाऊ आला. २०२५ मध्ये सॅमसंगने खेळणाऱ्यांसाठी २७ इंची ओडिसी थ्रीडी आणला. या सगळ्यांची रीत एकच आहे: समोर एकच माणूस, त्याचे दोन डोळे कॅमेऱ्याने शोधायचे, आणि सगळे पिक्सेल फक्त त्या दोन डोळ्यांत वाटायचे. नऊ वाटेकरी गेले, दोन उरले. फोर-के काच आता स्वस्तही झाली आहे. तेव्हा टोशिबाच्या वेळी जे गणित तोट्यात होतं, ते आता जमतं.

उलट वाटेने जाणारेही आहेत. ब्रुकलिनची लुकिंग ग्लास फॅक्टरी २०१८ पासून ४५ कोनांचे पडदे करते. तिथे कॅमेरा नाही, चार जण एकदम बघू शकतात. वस्तुसंग्रहालयासाठी हे उत्तम, पण तपशील मऊसर दिसतो, कारण वाटेकरी ४५.

आणि व्हिडिओ कॉलसाठीचं गूगलचं स्टारलाइन. २०२१ मध्ये दाखवलं तेव्हा ६५ इंची आठ-के (फोर-केच्या चौपट पिक्सेलांचा) पडदा होता, समोर बसलेल्याच्या डोळ्यांचा माग काढणारा. पलीकडच्या माणसाला कॅमेऱ्यांनी टिपून त्याची त्रिमितीय प्रतिमा इकडे उभी करायची. २०२५ मध्ये एचपीने यावरचं यंत्र २४,९९९ डॉलरला जाहीर केलं. कंपन्यांच्या बैठकांसाठी आहे, घरासाठी नाही.

मोगरा
शेवटच्या परिच्छेदाशी थांबले. माझी आई नाशिकला आणि नात न्यू जर्सीला. व्हिडिओ कॉलवर आई पडद्याला बोट लावून नातीच्या गालाला हात लावल्यासारखं करते. २४,९९९ डॉलर आमच्यासाठी अशक्य आहेत. पण तुम्ही म्हणता तसं एका बाजूला एकच माणूस आणि एक पडदा असेल, तर आजी आणि नात याहून योग्य जोडी कुठली? हे स्वस्त होईपर्यंत आई असावी, एवढीच इच्छा.

सह्याद्री_ते_आइंडहोवन
मोगरा ताई, पडद्याचा भाग स्वस्त होतोय, अडकलंय ते पलीकडच्या कॅमेऱ्यांत आणि प्रतिमा तयार करणाऱ्या संगणकात. तोवर एक करता येईल. सध्याच्या अनेक आयफोनमध्ये दोन भिंगांनी थ्रीडी व्हिडिओ घेण्याची सोय आहे. नातीचे वाढदिवस, नाच, रांगणं तसं टिपून ठेवा. दाखवायचं साधन पुढे येईल, पण आज न टिपलेली खोली उद्या मिळणार नाही.

दुर्बीण
अगदी हेच सांगणार होतो. टिपलेलं टिकतं. अमेरिकेतल्या अंडरवुड अँड अंडरवुड कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानच्या जोडछायाचित्रांचा (प्रत्येक डोळ्यासाठी एक, अशी शेजारी दोन छायाचित्रं) १०० कार्डांचा संच विकला, छायाचित्रकार जेम्स रिकल्टन. त्यात मुंबईही आहे. ही कार्डं आज ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर पाहायला मिळतात. सव्वाशे वर्षांपूर्वीची मुंबई दोन्ही डोळ्यांसाठी टिपलेली आहे, आणि आपण ती पडद्यावर सपाट बघतो.

काजवा
दुर्बीण सर, ती ३डीएसवर दिसतात! मी लावून पाहिली आहेत. रस्त्यावरचे लोक, टांगे, मागच्या इमारती, एकेक थर वेगळा सुटून उभा राहतो.

पैठणी
कसं करायचं ते टप्प्याटप्प्याने सांगाल का? भाच्याचं जुनं ३डीएस बहिणीकडे पडून आहे.

काजवा
सांगतो. कार्डाची मोठ्यात मोठी प्रत उतरवून घ्या. त्यावर दोन चित्रं शेजारी असतात, डावीकडचं डाव्या डोळ्याचं. संगणकावर स्टिरिओफोटो मेकर ही फुकट प्रणाली घ्या आणि कार्ड त्यात उघडा. आपोआप जुळवणी करण्याची आज्ञा दिली की वर-खालीचा फरक आणि तिरकेपणा ती काढून टाकते. ही पायरी गाळू नका, जुन्या कार्डांत दोन चित्रं हमखास एकमेकांपेक्षा थोडी वर-खाली चिकटवलेली असतात आणि डोळे त्यानेच सर्वांत जास्त शिणतात. मग दोन्ही चित्रं आडवी सरकवून सगळ्यात जवळची वस्तू पडद्याच्या पातळीवर आणा, बाकी सगळं मागे जाऊ द्या. दूरच्या वस्तूंचा फरक चित्राच्या रुंदीच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवा. आकार ६४० बाय ४८० करा, दोन्ही चित्रं एकाच फाइलीत ठेवणाऱ्या एमपीओ प्रकारात साठवा.

३डीएसचं मेमरी कार्ड संगणकाला जोडलं की डीसीआयएम नावाचा फोल्डर दिसेल, त्यात १००एनआयएन०३. तो दिसत नसेल तर आधी यंत्रानेच एक फोटो काढा, म्हणजे तयार होईल. त्यात आपली फाइल टाका. नाव एचएनआय, मग खालची रेघ, मग चार आकडे, असंच हवं. अक्षरं इंग्रजी आणि मोठी. नाव चुकलं तर यंत्र फाइल दाखवत नाही. आधी तिथे असलेल्या फोटोंचे आकडे टाळा.

भाच्याचं यंत्र जुनं मॉडेल असेल तर दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून धरा, डोकं मधोमध. आणि डॉक्टरांकडून डोळे तपासून झाल्यावरच त्याला दाखवा.

नेत्रपल्लवी
शेवटच्या ओळीला अनुमोदन. आणि पैठणी ताई, डॉक्टर काय म्हणाले ते इथे जरूर कळवा.